टाळूखालचं रक्त : ऐंशी वर्षांचा तपास

ऑगस्ट २०२५ मध्ये बीदर शहरात एक लहान मुलगी गच्चीवरून पडून गेली. खेळता खेळता तोल गेला, असंच सगळ्यांना वाटलं. काही दिवसांनी शेजारच्या सीसीटीव्हीचं चित्रण वडिलांच्या हाती आलं आणि सावत्र आईला खुनाच्या आरोपाखाली अटक झाली. नुसत्या जखमेवरून खुनाचा संशय कुणाला आला नव्हता.

ही मुलगी निदान चालती-बोलती होती. तान्ह्या बाळाचं काय?

अमेरिकेतले क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी यांनी १९४६ मध्ये सहा बाळांची नोंद केली. मेंदूच्या आवरणाखाली साकळलेलं रक्त, हातापायांची मोडलेली हाडं, आणि घरच्यांना कारण सांगता येत नव्हतं. १९७१ मध्ये इंग्लंडमधल्या हल शहराचे मेंदू-शल्यचिकित्सक नॉर्मन गथकेल्च यांनी मांडलं, की बाळाला गदागदा हलवलं तर बाहेर ओरखडाही न उमटता आत रक्तस्राव होऊ शकतो. डोकं जड, मान कोवळी. मेंदूवरच्या नाजूक शिरा तुटतात.

पुढे याचा ठोकताळा झाला. आवरणाखाली रक्त, डोळ्याच्या पडद्यात रक्त, मेंदूला सूज. तिन्ही दिसली की बाळ शेवटी ज्याच्या हातात होतं तो गुन्हेगार. १९९७ मध्ये बोस्टनजवळ आठ महिन्यांचं बाळ गेलं आणि त्याला सांभाळणाऱ्या लुईझ वुडवर्डला ज्युरीने खुनी ठरवलं. न्यायाधीशांनी तो गुन्हा सदोष मनुष्यवधावर आणला. सरकारी बाजूने साक्ष देणारे डॉ. पॅट्रिक बार्न्स यांनी पुढे आपलं मतच बदललं. २०१२ मध्ये खुद्द गथकेल्च यांनी आपल्या मांडणीच्या अशा वापराबद्दल चिंता व्यक्त केली.

बाळाला हलवणं जीवघेणं ठरू शकतं, यात शंका नाही. पण या तीन खुणांवरून कुणाला फासापर्यंत नेणं हा अन्याय आहे. जन्मतः व्हिटॅमिन के मिळालं नसेल तर पहिल्या काही महिन्यांत मार न लागताही मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

बीदर-कलबुर्गीच्या गावांत तान्ह्या बाळाला दहन न करता पुरतात. नंतर संशय आला तर मॅजिस्ट्रेटच्या हुकमाने प्रेत उकरता येतं, पण मेंदू आणि डोळे लवकर नासतात. बहुधा हाडाची फटच काय ती सापडते. म्हणून तायी कार्ड (कर्नाटकातलं माता-बाळाच्या आरोग्य नोंदीचं कार्ड) आणि दवाखान्याचे कागद ताब्यात घेणं, बाळ पाळण्यातून पडलं असं सांगितलं तर पाळण्याची उंची मोजून पंचनाम्यात लिहिणं, शवविच्छेदनात डोळे तपासणं, हे सगळं पुरण्याआधीच व्हायला हवं.