लायतोलीच्या ठशांवर उगवलेलं रान

टांझानियातल्या लायतोलीत दगडांच्या ढिगाऱ्यावर बाभूळकुळातली झाडं फोफावली होती. उजाड माळावर हिरवळ दिसली की कुणालाही बरं वाटेल. इथे मात्र शास्त्रज्ञांच्या काळजात धस्स झालं. त्या दगडांखाली सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीची पावलं होती.

१९७६ साली संशोधक अँड्र्यू हिल आणि त्यांचे सहकारी हत्तीची वाळलेली लीद एकमेकांवर फेकत होते. ती चुकवताना हिल खाली पडले आणि समोरच्या खडकात त्यांना प्राण्यांचे ठसे दिसले. दोन वर्षांनी पॉल एबेल यांना मानवसदृश पाऊल सापडलं. पुरामानवशास्त्रज्ञ मेरी लीकी यांच्या पथकाने खणत जाऊन सुमारे २७ मीटरची वाट मोकळी केली. ज्वालामुखीची राख पावसाने भिजलेली असताना आपले पूर्वज त्यावरून चालले होते. त्यांचा अंगठा इतर बोटांच्या ओळीत होता. मेंदू अजून लहानच असताना माणसाचे पूर्वज दोन पायांवर चालू लागले होते, याचा याहून थेट पुरावा कुठला?

वारा, पाऊस आणि जनावरांचे खूर यांपासून ठसे वाचावेत म्हणून १९७९ मध्ये ते वाळूने झाकून वर लाव्ह्याचे दगड रचले. वाळू चाळलेली नव्हती. तिच्यात बाभळीचं बी होतं आणि दगडांच्या आडोशाला ते रुजलं. संरक्षणानेच शत्रूला घर दिलं!

१९९०च्या दशकात टांझानियाचा पुरातत्त्व विभाग आणि गेटी संवर्धन संस्था कामाला लागले. झाडं उपटली असती तर मुळांबरोबर ठसेही निघाले असते, म्हणून ती जागच्या जागी मारली. मग वाट पुन्हा उघडली. खडक झिजून मऊ झाला होता तिथे मुळं शिरली होती. पण बहुतेक पावलं शाबूत होती. किती मोठा दिलासा असेल तो! मुळं जपून कापून काढली, प्रत्येक ठशाची बारकाईने नोंद केली आणि वाट पुन्हा पुरली. या वेळी वाळू चाळलेली होती. मध्ये मुळांची वाढ रोखणारं औषध हळूहळू सोडणारं कापड अंथरलं, वर माती आणि दगड. स्थानिक मसाई लोकांनी आपल्या रीतीने जागेला आशीर्वाद दिला.

ठसे सर्वांना पाहता यावेत म्हणून ते उघडून वर संग्रहालय बांधावं, अशी मागणी अधूनमधून होते. ती समजण्यासारखी आहे, तरी माझा कौल पुरण्यालाच. उन्हा-पावसाच्या चक्रात ही राख टिकणार नाही. आणि पाहण्यासाठी ठशांच्या प्रतिकृती आहेतच.