अँटीव्हायरस कुठला टाकू?

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर नव्या लॅपटॉपचा सौदा जमला, बिल व्हायला लागलं, की काउंटरपलीकडून प्रश्न येतोच : ‘अँटीव्हायरस कुठला टाकू?’ गिऱ्हाईक मागच्या फळीवरची खोकी न्याहाळतं, भाव विचारतं आणि त्यातल्या त्यात स्वस्त बघून मान डोलावतं. मुळात टाकायला हवा का, असं विचारणारा विरळाच.

ही सवय फ्लॉपीच्या जमान्यातली. लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ‘ब्रेन’ हा व्हायरस १९८६ मध्ये फ्लॉपीवर बसूनच जगभर हिंडला. इकडे पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्त करता करता कैलाश काटकर कॉम्प्युटर दुरुस्तीकडे वळले होते. दुरुस्तीला आलेल्या कॉम्प्युटरांत व्हायरसने पछाडलेलेही असत. धाकटे बंधू संजय यांनी त्यांच्यावर उतारा म्हणून छोटे प्रोग्रॅम लिहिले आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यातूनच ‘क्विक हील’ उभं राहिलं. त्या दिवसांत खोकं विकत आणणं शहाणपणाचंच होतं.

आता विंडोजच्या पोटातच पहारेकरी बसलेला असतो. २०१२ च्या विंडोज ८ पासून ‘डिफेंडर’ हा पूर्ण अँटीव्हायरस म्हणून सोबतच येतो, वेगळे पैसे न घेता. तो जागा आहे का, हे घरबसल्या तपासता येतं. ‘आयकार’ नावाची ६८ अक्षरांची एक निरुपद्रवी ओळ खास याच चाचणीसाठी तयार केलेली आहे. ती नोटपॅडमध्ये उतरवून सेव्ह करायची. अँटीव्हायरस चालू असेल तर कोपऱ्यात इशारा झळकतो आणि फाइल गायब होते. काहीच घडलं नाही, तर मात्र पहारेकरी झोपलाय असं समजावं.

मग विकतच्या अँटीव्हायरसची तुलना करायची कशी? दुकानदाराच्या शिफारशीपेक्षा जर्मनीतल्या ‘एव्ही-टेस्ट’ या प्रयोगशाळेचे निकाल बघावेत. संरक्षण, कॉम्प्युटरच्या वेगावर होणारा परिणाम आणि खोट्या इशाऱ्यांविना सुरळीत वापर, प्रत्येकी ६, असे एकूण १८ गुण. गेल्या काही वर्षांत डिफेंडरने इथे अनेकदा पैकीच्या पैकी मिळवलेत. ऑस्ट्रियातल्या ‘एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज’च्या चाचण्यांत मात्र त्याची एक उणीव दिसते : इंटरनेट तुटलं की त्याची पकड सैल पडते. म्हणजे घरच्या वापराला, जिथे नेट कायम चालू, तिथे तो पुरे. पण झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर दहा जणांचे पेनड्राइव्ह आत-बाहेर होतात आणि नेटचा भरवसा नसतो, तिथे ऑफलाइन चाचणीत चांगले गुण मिळवणाऱ्या अँटीव्हायरसवर पैसे घालणं रास्त.

एकावर एक दोन मात्र बसवू नयेत. दोन्ही एकाच फाइलवर झडप घालतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो. नव्या लॅपटॉपवर महिन्या-दोन महिन्यांच्या चाचणीपुरता आलेला अँटीव्हायरस असेल, तर त्याच्यामुळे डिफेंडर बाजूला सरकलेला असतो. मुदत संपल्यावर तो एकतर पैसे भरून चालू ठेवावा, नाहीतर सरळ काढून टाकावा.

फुकटच्या बाबतीतही डोळे उघडे हवेत. ‘अवास्ट’ने आपल्या ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती ‘जम्पशॉट’ या उपकंपनीमार्फत विकली, म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने फेब्रुवारी २०२४ मध्ये १ कोटी ६५ लाख डॉलरच्या भरपाईचा बडगा उगारला. घराची राखण करायला ठेवलेल्यानेच घरातल्या गोष्टी बाहेर सांगाव्यात, तसला प्रकार.

ओटीपी मागणाऱ्या किंवा ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणाऱ्या फोनपुढे कुठलाच अँटीव्हायरस चालत नाही. पैसे गेलेच तर त्याच क्षणी सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनचा १९३० हा क्रमांक फिरवायचा.

आणि अपडेट. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर प्रोग्रॅमने जगभरातले कॉम्प्युटर ओलीस धरले, तेव्हा ज्या भगदाडातून तो शिरला ते बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिलं होतं. दोन महिने हाताशी असूनही असंख्य ठिकाणी कुणी ते घातलंच नव्हतं. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा-अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाले. तेव्हा जुना लॅपटॉप वापरणाऱ्यांनी सेटिंग्जमध्ये ‘सिस्टिम’, त्यात ‘अबाउट’ उघडून आपलं विंडोज कितवं ते आधी बघावं आणि ११ चालणार का, याची चौकशी करावी. अँटीव्हायरसच्या खोक्याचं मग बघता येईल.