जीव आणि ज्ञान : लेखांक सातवा – परळचे गिनिपिग आणि प्लेगची पिसू

कोणत्या प्रश्नासाठी कोणता प्राणी निवडावा हा निर्णय प्रयोगकर्त्याच्या सोयीने नव्हे, तर त्या प्राण्याच्या देहधर्माने ठरावा लागतो, हे आपण मागील लेखांकात पाहिले. या तत्त्वाचे उत्कृष्ट उदाहरण पाहण्यासाठी महाराष्ट्रीय वाचकाला दूरदेशी जाण्याचे कारण नाही. कारण रोगप्रसाराच्या अभ्यासातील एक अत्यंत रेखीव प्रयोगमालिका विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईतच, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसच्या आवारात, म्हणजे आज जिला आपण हाफकिन संस्था म्हणतो तेथे पार पडली.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगने डोके वर काढले, तेव्हा त्या रोगाचा जंतू अज्ञात राहिलेला नव्हता. दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँग येथे येर्सँ या शास्त्रज्ञाने तो शोधून काढला होता. परंतु हा जंतू एका देहातून दुसऱ्या देहात कोणत्या वाटेने जातो, याविषयी मात्र केवळ तर्क चालले होते. कोणी हवेला दोष देई, कोणी जमिनीला, कोणी रोग्याच्या स्पर्शाला व कपड्यालत्त्यांना. आणि ज्ञानाच्या अभावी सरकारी अंमलदारांनी या तर्कांनाच हुकमाचे रूप दिले. घरोघर झडत्या झाल्या, जमिनी जंतुनाशकांनी धुतल्या गेल्या, सामानसुमानाच्या होळ्या पेटल्या, रोग्यांची रवानगी इस्पितळात आणि त्यांच्या आप्तांची विलगीकरणाच्या छावण्यांत होऊ लागली. १८९७ साली पुण्यात रँडच्या अमलाखाली गोऱ्या शिपायांनी हा बंदोबस्त कोणत्या रीतीने केला आणि त्याचे पर्यवसान २२ जूनच्या रात्री कशात झाले, हे प्रत्येक मराठी वाचकास ठाऊक आहे. वस्तुतः ज्या उपायांची कसोटी कोणत्याही प्राण्यावर लागली नव्हती, ते उपाय सरळ माणसांवर चालवून पाहिले जात होते. फक्त त्याला प्रयोग म्हणण्याचा प्रामाणिकपणा कोणाजवळ नव्हता. आणि खेड्यापाड्यांतील माणसे तर उंदीर पडू लागताच घर सोडून माळावर झोपड्या घालून राहत होती! त्यांच्या या अनुभवसिद्ध शहाणपणामागील कारण शोधण्याची बुद्धी शास्त्राला होण्यास अजून अवकाश होता.

त्या दिशेचे पहिले पाऊल १८९८ च्या जून महिन्यात तेव्हाच्या मुंबई इलाख्यातील कराची शहरी पडले. पाश्चर संस्थेचा पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच वैद्य तेथे आला होता. त्याने पिसवांनी भरलेला एक प्लेगग्रस्त उंदीर मोठ्या काचपात्रात ठेवला आणि त्याच पात्रात, परस्परांचा स्पर्श होणार नाही अशा बेताने, एका लहान पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला. पहिला उंदीर मेला; त्याच्या थंडावलेल्या देहावरून पिसवा उतरल्या; आणि काही दिवसांतच ज्याचा त्याच्याशी कधी स्पर्शही झाला नव्हता, तो दुसरा उंदीरही प्लेगनेच मेला. इतका बोलका पुरावा हाती येऊनही तत्कालीन प्लेग कमिशनने तो ग्राह्य मानला नाही. एका उंदराच्या मृत्यूवर शंका घेण्यास जागा होती, आणि ती जागा भरून काढणे हेच पुढील कार्य होते.

ते कार्य लिस्टन या लष्करी वैद्याने हाती घेतले. १९०३ साली मुंबईच्या प्राणिसंग्रहालयातील गिनिपिग प्लेगने मेले, तेव्हा त्यांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा आढळल्या. आणि ज्या चाळीत उंदीर मरून पडले होते, तेथील रहिवाशांना चावणाऱ्या पिसवा पकडून तपासल्या, तो त्यांतही उंदरांच्या पिसवा निघाल्या. यजमान उंदीर मेला की भुकेली पिसू मिळेल त्या उष्ण रक्ताकडे वळते, हा दुवा आता स्पष्ट झाला. १९०५ साली नव्या संशोधक मंडळाने परळ येथे, लोक राहतात तशा घरांच्या धर्तीवर मुद्दाम झोपड्या बांधविल्या आणि त्यांत गिनिपिग ठेवून या दुव्याची कसून परीक्षा आरंभिली.

गिनिपिगच का, हे येथे नीट समजून घेतले पाहिजे. हा प्राणी प्लेगला सहज बळी पडतो. शिवाय त्याच्या अंगावर स्वतःच्या पिसवा क्वचितच असतात, म्हणून प्लेगच्या घरात सोडलेल्या गिनिपिगाच्या अंगावर जी पिसू सापडेल, ती उंदराकडून आली असे खात्रीने म्हणता येते.

आता प्रयोगाची रचना पाहा. रोगी आणि निरोगी गिनिपिग एकाच झोपडीत ठेवले, परंतु पिसवांना मज्जाव केला, तेव्हा रोग पसरला नाही. इतकेच नव्हे, तर प्लेगने मरू घातलेल्या मातेचे दूध पिणारी पिलेही पिसू नसताना सुरक्षित राहिली. पिसवा येताच मात्र साथ सुरू झाली. नंतर पिंजरे टांगले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना रोग झाला. दोन फुटांवरचे, पिसूच्या उडीच्या आवाक्याबाहेरचे प्राणी वाचले. हवा दोघांना एकच होती, भूमीही एकच होती. काही पिंजऱ्यांभोवती चिकट कागद पसरले, काहींवर बारीक तारेची जाळी बसविली. जेथे पिसूची वाट अडली, तेथे प्लेगचीही अडली. हवा, जमीन, स्पर्श हे सारे संशयित एकेक करून निर्दोष ठरले आणि आरोप एकटीवर शाबीत झाला. पिसूच्या जठराच्या तोंडाशी जंतूंचा बोळा बसतो आणि रक्त आत न जाता जंतूंसह जखमेत परत येते, ही यंत्रणा पुढे १९१४ साली बेकट व मार्टिन यांनी उलगडली.

या निष्कर्षाने प्लेगाचा प्रतिकार माणसावरून उंदरावर वळला. रोग्याचे बिछाने जाळण्यापेक्षा धान्याच्या वखारी व घरे उंदरांपासून राखणे आणि उंदीर पडताच घर रिकामे करणे, यांना शास्त्राचा आधार मिळाला. ज्या साथीने पंचवीसेक वर्षांत हिंदुस्थानात सुमारे १ कोटी माणसे नेली, तिच्या बाबतीत हा लाभ थोडका नव्हे.

तथापि लाभ मोठा म्हणून त्याची किंमत शून्य ठरत नाही. परळला मेलेले प्राणी स्वेच्छेने मेले नाहीत, आणि त्या मरत्या मातेची व तिच्या पिलांची नोंद वाचताना ज्याचे मन कासावीस होणार नाही, त्याच्या हाती प्रयोगशाळेच्या किल्ल्या देऊ नयेत असे मला मनापासून वाटते. प्राण्याचा जीव घेण्याचा अधिकार केवळ हेतूच्या उदात्ततेने मिळत नाही. प्रश्न इतका नेमका असावा लागतो की येणारे उत्तर कोणालाही नाकारता येऊ नये, आणि तेच उत्तर दुसऱ्या मार्गाने मिळण्यासारखे नसावे. १९५९ साली रसेल व बर्च यांनी प्राण्यांना शक्य तेथे पर्याय शोधणे, त्यांची संख्या घटविणे आणि त्यांच्या यातना कमी करणे ही त्रिसूत्री मांडली. पुढील वर्षी आपल्या देशात झालेल्या कायद्यानेही प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख ठेवणाऱ्या समितीची तजवीज केली. ढिसाळपणे रचलेला प्रयोग म्हणूनच मी केवळ चुकीचा मानीत नाही, तो अन्याय मानतो. कारण त्यात प्राणीही जातो आणि ज्ञानही हाती लागत नाही.

गिनिपिगाने दिलेले उत्तर माणसाला लागू पडले, ते रोगाची वाट दोघांच्याही बाबतीत एकच होती म्हणून. जेथे ती एक नसते, तेथे प्राण्याचा दाखला माणसाची दिशाभूल कशी करतो, याचा विचार पुढील लेखांकात करू.