त्रुटित कागद व टीईआय खूणभाषा

१. जुन्या कागदाची नक्कल छापतांना संपादकास पदोपदीं निर्णय करावा लागतो. समजा, एका मोडी पत्रांत 'छ १२ रबिला' इतकेंच शाबूत असून पुढचीं दोन अक्षरें कसरीनें खाल्लीं आहेत. तीं 'वल' असतील तर महिना रबिलावल. 'खर' असतील तर रबिलाखर. संपादकानें एक पक्ष धरून मुकाट्यानें छापला, तर मिती एका चांद्रमासानें चुकण्याचा संभव राहतो. पुढें मूळ कागद नष्ट झाला म्हणजे तें अनुमानच प्रमाण होऊन बसतें.

२. यावर कंसांचा उपाय जुना आहे. ग्रीक व लॅटिन शिलालेख आणि पपायरस यांच्या संपादनाकरितां १९३१ सालीं लायडन येथें एक पद्धति ठरली. नष्ट अक्षरांच्या जागीं घातलेला मजकूर चौकटी कंसांत, संक्षेपाचा विस्तार वाटोळ्या कंसांत आणि संशयित अक्षराखालीं बिंदु, असा तिचा सामान्य नियम आहे. परंतु कंसाचा अर्थ वाचकास माहीत असावा लागतो. तो भरणारा कोण व त्याची खात्री किती, हें कंस सांगत नाहीं. संगणकास तर त्याचा अर्थ मुळींच कळत नाहीं.

३. ही उणीव खूणभाषेनें, म्हणजे मार्कअप भाषेनें, भरून निघते. तींत मजकुराच्या आरंभीं कोनाकृति कंसांत खुणेचें नांव लिहितात व शेवटीं तिरकी रेघ देऊन तेंच नांव पुन्हा लिहितात. जुन्या ग्रंथांस लागणाऱ्या खुणा ठरविण्याकरितां १९८७ सालीं अमेरिकेंत पोकीप्सी येथील व्हासार कॉलेजांत विद्वान् जमले. त्यांतून टेक्स्ट एन्कोडिंग इनिशिएटिव्ह, संक्षेपानें टीईआय, हा उपक्रम निघाला. त्याच्या नियमग्रंथाची पांचवी आवृत्ति २००७ सालची असून तींत वेळोवेळीं सुधारणा होत असतात. तिच्या खुणा १९९८ सालीं प्रमाण ठरलेल्या एक्सएमएल रीतीनें लिहितात.

४. वरील पत्र या रीतीनें पुढीलप्रमाणें लिहावें. 'छ' हा संक्षेप 'अ‍ॅब्र' या खुणेंत व 'चंद्र' हा विस्तार 'एक्स्पॅन' या खुणेंत घालून दोन्ही 'चॉइस' खुणेंत शेजारीं ठेवावे. म्हणजे मूळ अक्षर लोपत नाहीं. 'वल' हीं अक्षरें 'सप्लाइड' खुणेंत घालावीं, आणि त्याच खुणेंत संपादकाचें नांव ('रेस्प') व खात्रीचें मान ('सर्ट') नमूद करावें. दुसरा पक्ष 'नोट' मध्यें टिपावा. कांहींच सुचवितां येत नसल्यास 'गॅप' ही खूण करून किती अक्षरें गेलीं व कशानें गेलीं तें लिहावें. अस्पष्ट अक्षरास 'अन्क्लिअर', लेखनप्रमादास 'सिक' व त्याच्या दुरुस्तीस 'कॉर', खोडलेल्यास 'डेल', समासांत वाढविलेल्यास 'अ‍ॅड'. आरंभास एवढ्या खुणा पुरतात. खूण मिटवावयाची राहिली तर तपासनीस आज्ञावली ती चूक दाखविते. वाचन चुकलें तर मात्र ती कांहीं सांगूं शकत नाहीं. तें काम वाचणाराचेंच.

५. विशेष हा कीं, टीईआयचा नियमग्रंथ स्वतः याच खुणांनीं लिहिलेला असून त्याची मूळ संहिता गिटहब येथें सर्वांस खुली आहे. कोणीहि तिची नक्कल घेऊन दुरुस्ती अथवा नवें उदाहरण सुचवावें. उपक्रमाचें तांत्रिक मंडळ त्याचा विचार करतें. म्हणून जो एक पत्र खुणावण्यास शिकला, तो नियम सुधारण्याचें साधनहि शिकला.

६. त्या ग्रंथांतील बहुतेक उदाहरणें युरोपीय भाषांतील आहेत. मोडीस युनिकोडमध्यें २०१४ सालीं स्थान मिळालें. तेव्हां मोडी मजकूर आतां मोडींतच सांठवितां येतो. परंतु शब्द न तोडतां चाललेली ओळ, तिच्यांतील संक्षेप आणि अरबी महिन्यांचीं मराठी रूपें यांचा परिचय ज्यांच्या संग्रहीं दप्तरें आहेत त्यांसच अधिक. त्यांनीं उदाहरणें न दिलीं तर नियमांत आमच्या कागदांच्या अडचणी दिसाव्या कशा? यास्तव प्रत्येक संग्राहकानें आपल्या दप्तरांतील एक त्रुटित पत्र निवडून तें वरील रीतीनें खुणावावें, आणि जेथें नियम अपुरा पडेल तेथें तो मुद्दा उदाहरणासह त्या मंडळाकडे पाठवावा, अशी आमची सूचना आहे.