मोलेचं जंगल वाचवायला निघालेल्या लोकांनी नेमकं काय केलं?

2020 चा लॉकडाऊन आठवतोय? सगळे घरात अडकले होते, हातात फक्त फोन. त्या काळात गोव्यातल्या लोकांच्या फोनवर एका जंगलाची चित्रं फिरायला लागली. गवा, धनेश, शेकरू, दूधसागर आणि खाली एक नाव : ‘आमचें मोलें’. ना या चळवळीचा कुणी अध्यक्ष, ना कुठे ऑफिस. तरी दोन वर्षांत हा विषय सुप्रीम कोर्टात निकालापर्यंत गेला. कसा, ते समजून घेऊ.

मोले आहे कुठे?

गोव्याच्या पूर्वेला, कर्नाटकच्या सीमेवर. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान मिळून सुमारे 240 चौरस किलोमीटरचं हे जंगल. दूधसागर धबधबा इथलाच. त्याचं पाणी पुढे खांडेपार नदीतून ओपाच्या जलशुद्धीकरण केंद्रात येतं आणि तिथून फोंडा, पणजीच्या नळांना. त्यामुळे जंगलात कधीही न गेलेला पणजीकरसुद्धा रोज या जंगलाचंच पाणी पितो.

मग अडचण काय होती?

या एकाच जंगलातून तीन प्रकल्प जाणार होते. रेल्वेमार्गाचं दुपदरीकरण, 400 केव्हीची वीजवाहिनी आणि महामार्गाचं चौपदरीकरण. डिसेंबर 2019 ते एप्रिल 2020 या काळात राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने तिन्हींना हिरवा कंदील दाखवला. एप्रिलची बैठक तर ऐन लॉकडाऊनमध्ये, व्हिडिओ कॉन्फरन्सवर झाली. तिन्ही प्रकल्पांत मिळून सुमारे 59 हजार झाडं जातील, असा आंदोलकांचा हिशोब होता.

सरकारचं म्हणणं होतं की राज्याला वीज हवी, रस्ते हवेत, रेल्वेची क्षमता वाढायला हवी. विरोधकांचा प्रश्न होता, रेल्वेचा दुसरा ट्रॅक नक्की कुणासाठी? मुरगाव बंदरात उतरणारा कोळसा कर्नाटकातल्या पोलाद कारखान्यांपर्यंत नेण्यासाठीच हा खटाटोप आहे, असा त्यांचा आरोप होता. सरकारने तो नाकारला.

लोकांना कुणी विचारलं नाही का?

गोष्टीची खरी गाठ इथे आहे. खाण किंवा मोठा कारखाना यायचा असेल तर साधारणपणे पर्यावरणीय परिणामांचा अहवाल करावा लागतो आणि जनसुनावणी घ्यावी लागते. पण 2006 च्या केंद्रीय अधिसूचनेतल्या यादीत रेल्वेमार्ग आणि वीजवाहिन्या नाहीत. त्यामुळे त्यांना ही जनसुनावणी बंधनकारक नाही. जंगलाची आणि वन्यजीवांची परवानगी लागते, पण ती समित्यांच्या बैठकीत ठरते. आपलं पाणी ज्या जंगलावर अवलंबून आहे, त्याबद्दल बोलायला लोकांना जागाच नव्हती.

मग ती जागा लोकांनीच तयार केली. वकील, जीवशास्त्रज्ञ, आर्किटेक्ट, चित्रकार, विद्यार्थी असे अनेक जण जमेल तसा वेळ देऊन कामाला लागले. प्रकल्पांचे प्रस्ताव आणि बैठकांची इतिवृत्तं वाचून काढायची, त्यातल्या चुका आणि गाळलेल्या गोष्टी शोधायच्या, आणि सापडलेलं चित्रांत, नकाशांत, दोन मिनिटांच्या व्हिडिओत सांगायचं. शास्त्रज्ञांनी केंद्रीय मंत्र्यांना पत्रं लिहिली. चित्र बघून लोक थांबायचे आणि थांबलेल्या माणसाच्या हातात माहिती पडायची.

फोनवरून रुळांवर

1 नोव्हेंबर 2020 च्या रात्री हजारो लोक चांदर गावात रेल्वेच्या रुळांवर जमले. मध्यरात्रीनंतर तिथे दुपदरीकरणाचं काम होणार होतं. मेणबत्त्या, ढोल, गाणी अशी पहाटेपर्यंत रात्र जागवली गेली. पुढे काही जणांवर गुन्हेही दाखल झाले. या रात्री पुढे होतं ‘गोंयांत कोळसो नाका’, म्हणजे गोव्यात कोळसा नको म्हणणाऱ्यांचं आंदोलन. कोळशाच्या धुळीने त्रासलेली गावं आणि जंगलासाठी लढणारी तरुण मुलं इथे एकत्र आली.

कोर्टात काय झालं?

गोवा फाउंडेशन या संस्थेने हा विषय सुप्रीम कोर्टाच्या केंद्रीय अधिकार समितीकडे नेला. समितीने जागेवर येऊन पाहणी केली आणि एप्रिल 2021 मध्ये अहवाल दिला. रेल्वेच्या दुपदरीकरणाचं समर्थन करता येत नाही, क्षमता थोडीशीच वाढेल आणि पश्चिम घाटाचं नुकसान मोठं होईल, असं समितीचं मत पडलं. वीजवाहिनीसाठी नवा पट्टा न तोडता आधीच्या 220 केव्ही वाहिनीचाच मार्ग वापरा, असंही सुचवलं.

9 मे 2022 रोजी सुप्रीम कोर्टाने कॅसलरॉक ते कुळे या टप्प्यातल्या दुपदरीकरणाला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी रद्द केली.

म्हणजे जंगल वाचलं?

काही प्रमाणात. कोर्टाने रेल्वेचा रस्ता कायमचा बंद केलेला नाही. परिणामांचा नीट अभ्यास करून पुन्हा प्रस्ताव मांडता येतो. सांगोडला वीज उपकेंद्रासाठी जी झाडं आधीच तोडली होती, ती परत आली नाहीत. जंगलाबाहेरच्या गावांत दुपदरीकरणाचं काम आणि त्याला होणारा विरोध, दोन्ही सुरू राहिले.

आपण यातून काय घ्यायचं?

तुमच्याही फोनवर ‘अमुक टेकडी वाचवा’, ‘तमुक नदी वाचवा’ अशा पोस्ट येत असतील. शेअर करणं वाया जात नाही. मोलेचं नाव गोव्याबाहेर पोचलं ते अशाच शेअर्समुळे. पण कोर्टात लाइक्स मोजले जात नाहीत, तिथे कागद बोलतात. म्हणून पुढची पोस्ट शेअर करताना दोन प्रश्न विचारा : या प्रकल्पाला परवानगी कुणी दिली, आणि त्या बैठकीचं इतिवृत्त कुठे मिळेल? बरीच इतिवृत्तं केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर असतात. तिथे न सापडल्यास माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. मोलेच्या लढाईत खरं बळ आलं, ते असे कंटाळवाणे कागद कुणीतरी रात्री जागून वाचले म्हणून.