घरगुती बॅटरीच्या सुरक्षिततेचे मूल्यमापन : पालघर व बोईसर-तारापूर परिसराच्या संदर्भात

प्रास्ताविक

तारापूर येथील अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन संचांतून १९६९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली. भारतातील हे पहिले अणुविद्युत केंद्र होय. प्रत्येकी ५४० मेगावॉट क्षमतेचे आणखी दोन संच तेथे २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले. नेमक्या त्याच वर्षांत महाराष्ट्राच्या ग्रामीण व निमशहरी भागांत भारनियमन तीव्र झाले होते. वीजकेंद्राच्या शेजारी राहणे आणि घरात अखंड वीज असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे या परिसराइतके क्वचितच दुसरीकडे स्पष्टपणे दिसते. केंद्रातील वीज उच्चदाब वाहिन्यांवरून पश्चिम भारताच्या जाळ्यात जाते. घरातील दिवा मात्र गल्लीच्या तोंडावरील रोहित्रावर आणि झाडाझुडपांतून आलेल्या ११ केव्ही वाहिनीवर अवलंबून असतो. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळात पालघर जिल्ह्याच्या किनारपट्टीने याचा पुन्हा अनुभव घेतला.

भारनियमनाच्या काळात घरोघरी इन्व्हर्टर आले आणि भारनियमन सरल्यावरही ते राहिले. आता त्यांच्या जोडीला लिथियम बॅटरीचे संच, विजेवरील दुचाकीच्या काढता येणाऱ्या बॅटऱ्या आणि थेट भिंतीतील सॉकेटला जोडावयाची साठवण-उपकरणे आली आहेत. यांपैकी कोणती वस्तू सुरक्षित, असा प्रश्न सामान्यतः विचारला जातो. तो प्रश्नच अपुरा आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. सुरक्षितता हा केवळ बॅटरीचा गुण नसून बॅटरी, ती ठेवलेली जागा आणि तिची जोडणी या तिन्हींच्या संबंधाचा गुण आहे. प्रमाणपत्र त्यांपैकी फक्त पहिल्या घटकाविषयी बोलते.

वीजकेंद्रातील बॅटरी आणि दिवाणखान्यातील बॅटरी

भारतीय अणुविद्युत केंद्रांत विद्युतपुरवठ्याचे चार वर्ग मानले जातात. बाहेरच्या जाळ्यातील वीज चौथ्या वर्गात, डिझेल जनित्रांची तिसऱ्या वर्गात, अखंड प्रत्यावर्ती पुरवठा दुसऱ्या वर्गात आणि बॅटरीचा एकदिश पुरवठा पहिल्या वर्गात येतो. बाकीचे सर्व पुरवठे बंद पडले तरी नियंत्रण व मापन चालू राहावे ते याच पहिल्या वर्गाच्या बळावर. मार्च २०११ मध्ये जपानमधील फुकुशिमा केंद्रात त्सुनामीच्या पाण्याने काही संचांच्या बॅटऱ्याही बुडाल्या, तेव्हा मापनयंत्रे चालवण्यासाठी कर्मचाऱ्यांना मोटारींच्या बॅटऱ्या काढून आणाव्या लागल्या. तारापूरचे पहिले दोन संच त्याच उत्कलन-जल प्रकारातील असल्याने त्या घटनेची येथे विशेष दखल घेतली जाणे स्वाभाविक होते.

अशा केंद्रांत बॅटरीसाठी स्वतंत्र कक्ष असतो, वायुवीजनाचे गणित केलेले असते, फरशी आम्लरोधक असते आणि ठरावीक काळाने बॅटरीची धारणक्षमता प्रत्यक्ष भार देऊन तपासली जाते. घरात तीच शिसे-आम्ल बॅटरी दिवाणखान्यातील कपाटात, जिन्याखाली किंवा दिवाणाखाली जाते आणि पाणी घालणारा आला तर तपासली जाते. रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. फरक आहे तो व्यवस्थेचा.

हायड्रोजनचा हिशेब

शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण प्रभारित झाल्यावरही प्रवाह चालू राहिला, तर त्यातील पाण्याचे विद्युत अपघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. फॅरडेच्या नियमानुसार एका अँपिअर-तास अतिरिक्त प्रभारामागे प्रत्येक कोशातून नेहमीच्या तापमानाला सुमारे ०.४५ लिटर हायड्रोजन सुटतो. १२ व्होल्टच्या बॅटरीत सहा कोश असल्याने हे प्रमाण २.७ लिटर होते. हवेत हायड्रोजन ४ टक्क्यांवर गेला की मिश्रण ज्वालाग्राही बनते.

आता जागेचा विचार करावा. १० फूट लांब, १० फूट रुंद व ९ फूट उंच खोलीत सुमारे २५,००० लिटर हवा मावते. तिच्या ४ टक्के म्हणजे १,००० लिटर. तेवढा वायू एका घरगुती बॅटरीतून साचणे, तेही दारे-खिडक्या असलेल्या खोलीत, जवळजवळ अशक्य आहे. परंतु हीच बॅटरी २०० लिटरच्या बंद कपाटात ठेवली, तर ८ लिटर वायू पुरेसा होतो. म्हणजे केवळ ३ अँपिअर-तासांचा अतिरिक्त प्रभार. अतिरिक्त प्रवाह एकच अँपिअर असला तरी हवाबंद कपाटात ही मर्यादा तीन तासांत गाठली जाऊ शकते. त्यानंतर सैल झालेल्या टर्मिनलवरील एक ठिणगी पुरते. बॅटरी तीच, प्रमाणपत्र तेच. बदलला तो फक्त लाकडी दरवाजा. म्हणूनच बॅटरी झाकून ठेवण्याची गृहसजावटीची हौस ही या विषयातील सर्वांत कमी चर्चिलेली जोखीम म्हणावी लागते.

कोकणातील उष्मा या हिशेबात भर घालतो. तापमान वाढले की प्रभाराचा दाब प्रत्येक कोशामागे, प्रत्येक अंश सेल्सिअसला ३ ते ५ मिलिव्होल्टने कमी करावा लागतो. ज्या इन्व्हर्टरमध्ये ही सोय नाही, तो २५ अंशांसाठी ठरवलेला दाब ३५ अंशांनाही देत राहतो. परिणामी वायू अधिक, पाण्याची घट अधिक आणि आयुष्य कमी. पाणी वारंवार घालावे लागणे ही केवळ गैरसोय नव्हे, तर अतिप्रभाराची ती लेखी साक्ष आहे.

लिथियम आणि वसईची घटना

सप्टेंबर २०२२ मध्ये पालघर जिल्ह्यातीलच वसई येथे विजेवरील स्कूटरची काढलेली बॅटरी रात्री घरात प्रभारित होण्यासाठी लावली होती. पहाटे तिचा स्फोट झाला. त्याच खोलीत झोपलेला सात वर्षांचा मुलगा गंभीर भाजला आणि काही दिवसांनी रुग्णालयात मरण पावला.

लिथियम कोशात बिघाड, अतिप्रभार किंवा बाह्य उष्णता यांमुळे आतील रासायनिक क्रिया स्वतःची उष्णता स्वतःच वाढवू लागते आणि एका कोशाची उष्णता शेजारच्या कोशाला पेटवते. निकेल-मँगनीज-कोबाल्ट प्रकारात ही अनावर वाढ साधारणतः २१० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर लिथियम-लोह-फॉस्फेट प्रकारात २७० अंशांच्या आसपास सुरू होते, असे मानले जाते. त्यामुळे दुसरा प्रकार घरासाठी अधिक योग्य ठरतो. तथापि तो ‘पेटत नाही’ हा विक्रेत्यांचा दावा चुकीचा आहे. त्यातूनही ज्वालाग्राही व विषारी वायू बाहेर पडतात.

वाहनांच्या बॅटऱ्यांसाठीचे एआयएस-१५६ हे मानक त्यानंतर कडक करण्यात आले आणि सुधारित तरतुदी १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. हे आवश्यकच होते. मात्र मानक बॅटरीची परीक्षा घेते. ती कोणत्या खोलीत, कोणाच्या उशाशी आणि दाराच्या कोणत्या बाजूला ठेवली आहे याची नाही. बॅटरी आणि बाहेर पडण्याचा एकमेव दरवाजा एकाच ओळीत असतील, तर उत्तम बॅटरीही वाईट ठिकाणी आहे असेच म्हटले पाहिजे. बोईसरमधील कामगारवस्तीत, जेथे एका खोलीत संपूर्ण कुटुंब झोपते, तेथे हा प्रश्न सैद्धांतिक राहत नाही.

प्लग आणि उलटा प्रवाह

जर्मनीत २०२४ पासून ८०० व्होल्ट-अँपिअरपर्यंतची सौरउपकरणे सामान्य नागरिकाला सॉकेटला जोडण्याची मोकळीक आहे. तसे उपकरण येथे आणून लावावे, असा मोह होणे शक्य आहे. त्यातील अडचण समजून घेण्यासाठी एक उदाहरण पुरेसे आहे. एका वाहिनीवर १६ अँपिअरचा एमसीबी आहे. त्याच वाहिनीवरील सॉकेटमधून बॅटरी ८०० वॉट, म्हणजे सुमारे ३.५ अँपिअर, आत ढकलते. आता तारेच्या एखाद्या भागातून १९.५ अँपिअर वाहू शकतात, पण एमसीबीला दिसतात फक्त १६. तार तापते आणि रक्षक गप्प राहतो. जुन्या इमारतींतील ठिसूळ झालेल्या तारांच्या बाबतीत ही गोष्ट गंभीर आहे.

दुसरा धोका घराबाहेरचा आहे. वीज गेल्यावर घरातील स्रोत वाहिनीपासून तुटला नाही, तर तोच प्रवाह उलटा रोहित्रात जाऊन ११ केव्ही बाजूला उच्च दाब निर्माण करू शकतो. छोटा इन्व्हर्टर संपूर्ण गल्लीच्या भाराने बंद पडतो हे खरे. परंतु दुरुस्तीसाठी वाहिनीचा लहानसा तुकडा वेगळा केलेला असेल तर तसे घडेलच असे नाही. खांबावर चढलेला महावितरणचा कर्मचारी ती वाहिनी मृत समजतो. म्हणूनच जाळे बंद होताच स्रोत आपोआप विलग होणे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या विनियमांत बंधनकारक केले आहे. दोन्ही टोकांना उघड्या पिना असलेली तार बनवून जनित्र किंवा इन्व्हर्टर सॉकेटला जोडण्याची घरगुती युक्ती या कारणास्तव अक्षम्य आहे. इन्व्हर्टरच्या व मुख्य वाहिनीच्या न्यूट्रलची सरमिसळ झाल्यास गळतीरक्षक वारंवार पडतो. त्यावर उपाय म्हणून जोडणी सुधारण्याऐवजी रक्षकच काढून टाकला जातो, हेही नोंदवणे भाग आहे.

परिसराचे वेगळेपण

तारापूर-चिंचणीच्या किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत टर्मिनल लवकर गंजतात. गंजलेल्या जोडावर रोध वाढतो, जोड तापतो आणि ठिणगीची शक्यता निर्माण होते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपांची मालिका अनुभवास आली आणि त्यांतील काही धक्के ४ परिमाणाच्या पुढचे होते. १५० अँपिअर-तासांच्या बॅटरीचे वजन ५० किलोंहून अधिक भरते व तिच्यात दहा लिटरांहून अधिक सौम्य सल्फ्युरिक आम्ल असते. ती माळ्यावर किंवा चाकांच्या ट्रॉलीवर बांधल्याविना ठेवणे या भागात तरी समर्थनीय नाही. सखल वस्त्यांत पावसाळ्यातील पाण्याचा विचार नेमका उलट दिशेने, उंचीच्या बाजूने, करावा लागतो. जमिनीपासून फूटभर उंच, भिंतीला पट्ट्याने आवळलेले लोखंडी स्टँड हा दोहोंतील व्यवहार्य मध्य आहे.

प्रत्यक्ष तपासणी

अशा मूल्यमापनासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. हायड्रोमीटरने सहाही कोशांची सापेक्ष घनता मोजावी. पूर्ण प्रभारित अवस्थेत ती १.२४ च्या आसपास अपेक्षित असते, आणि एखादा कोश इतरांपेक्षा ०.०३ ने मागे असेल तर बॅटरी बदलण्याच्या वाटेवर आहे. महिन्याला किती पाणी घालावे लागले याची नोंद भिंतीवरच ठेवावी. प्रभार चालू असताना प्लग व टर्मिनलजवळ हाताच्या मागील बाजूने उष्णता जाणवते का ते पाहावे. धातूला स्पर्श करू नये. मुख्य स्विच बंद करून सॉकेटमध्ये टेस्टर उजळतो का ते इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्यावे. लिथियम संच झोपण्याच्या खोलीत नसावा, आणि तो प्रभारित होताना घरात जागे माणूस असावे. निकामी बॅटरी भंगारवाल्याकडे न देता २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार विक्रेत्याकडे परत करावी. महाविद्यालयांनी ही तपासणी आधी स्वतःच्या संगणक कक्षात करून पाहण्यासारखी आहे; तेथील यूपीएसच्या बॅटऱ्या बहुधा खोलीच्या ज्या कोपऱ्यात हवा कमीत कमी खेळते तेथेच रचलेल्या असतात.