देशी शब्दांचे कुळ आणि माळवा

विक्रम संवत् १०२९ मध्ये, म्हणजे इ. स. ९७२ च्या सुमारास, धारानगरीत धनपाल नावाच्या पंडिताने आपली धाकटी बहीण सुंदरी हिच्यासाठी एक कोश रचला. ‘पाइअलच्छी नाममाला’ हे त्याचे नाव. प्राकृत भाषेच्या उपलब्ध कोशांत हा सर्वांत जुना समजला जातो. मालवराजाच्या स्वारीत मान्यखेट लुटले गेले त्या वेळी हा ग्रंथ पूर्ण झाला, असे धनपालाने अखेरीस नमूद केले आहे. मान्यखेट म्हणजे राष्ट्रकूटांची राजधानी, कर्नाटकातील आजचे मळखेड. पुढे मुंज आणि भोज यांच्या सभेत मान पावलेल्या या पंडिताने संस्कृतातून आलेल्या शब्दांबरोबरच ज्यांचे मूळ संस्कृतात सापडत नाही असेही पुष्कळ शब्द नोंदले.

अशा शब्दांना वैयाकरणांनी ‘देशी’ असे नाव दिले होते. बाराव्या शतकात हेमचंद्राने ‘देशीनाममाला’ लिहिली, तेव्हा त्याला धनपालाच्या कोशाचा आधार होता. हेमचंद्राच्या संग्रहात बहीण या अर्थी ‘अक्का’, उदर या अर्थी ‘पोट्ट’, कर्दम या अर्थी ‘चिक्खल्ल’ आणि गाव या अर्थी ‘ऊर’ असे शब्द आढळतात. यांतील पहिल्या तिघांचा अर्थ मराठी माणसाला सांगावा लागत नाही. धातू आणि प्रत्यय यांच्या साहाय्याने कोणत्याही शब्दाची ओढूनताणून व्युत्पत्ती लावणे त्या पंडितांना अवघड नव्हते. तसे न करता त्यांनी या शब्दांची वेगळी यादी ठेवली, हा त्यांचा विवेक होय.

या शब्दांपैकी कित्येकांचे आप्त दक्षिणेत आढळतात. ‘अक्का’ तमिळ, कानडी आणि तेलुगू या तिन्ही भाषांत थोरली बहीण आहे. ‘ऊर’ हा तमिळ-कानडीतला गावच. आपले ‘तूप’ कानडीत ‘तुप्प’ म्हणून नांदते. परंतु सारेच देशी शब्द द्राविडी नव्हेत. शिवाय संस्कृतात शब्द सापडला म्हणजे शोध संपला, असेही नाही. ‘नांगर’ हा शब्द ‘लांगल’ यापासून आला आणि ‘लांगल’ तर ऋग्वेदातही आहे. पण ग्रीक, लॅटिन इत्यादी दूरच्या भगिनीभाषांत त्याचा मागमूस नाही. त्याच्याशी जुळणारे शब्द मुंडा कुळातील संताळीत आणि दूरच्या ख्मेर भाषेत मिळतात. त्यामुळे जमीन नांगरणाऱ्या एखाद्या पूर्वीच्या समाजाकडून तो वैदिक लोकांनी घेतला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात.

मात्र शब्द उसना घेणे निराळे आणि भाषेच्या खाली दुसऱ्या भाषेचा थर असणे निराळे. बाजारात वस्तूबरोबर तिचे नावही येते. त्यासाठी कोणाला आपली बोली सोडावी लागत नाही. परंतु एखादा समाज पिढ्यान्‌पिढ्या बोललेली भाषा सोडून दुसरी स्वीकारतो, तेव्हा नव्या भाषेचे शब्द तो शिकतो, पण उच्चाराच्या आणि वाक्यरचनेच्या जुन्या सवयी सोबत नेतो. या खालच्या थराला भाषाशास्त्रात ‘अधःस्तर’ म्हणतात.

मराठीतील ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांचा भेद या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. ‘आम्ही जातो’ यात ऐकणारा वगळला जातो, ‘आपण जाऊ’ यात तो सामील होतो. संस्कृताच्या ‘वयम्’ मध्ये हा भेद नाही. तमिळसारख्या द्राविडी भाषांत तो आहे, मुंडा भाषांतही आहे. आणि गुजराती व राजस्थानी या मराठीच्या शेजारणींनीही तो राखला आहे. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हे दोन्ही शब्द आर्यभाषेचेच. त्यांच्यात कामाची वाटणी करण्याची रीत मात्र जुन्या थरातून आली असावी, असे अनुमान आहे.

हजारो वर्षांपूर्वीची ही घडामोड कशी झाली असेल याची कल्पना धार आणि देवासच्या बाजारात आजही येते. शाळेच्या पुस्तकातील प्रमाण हिंदीत दोन्ही अर्थांना ‘हम’ हा एकच शब्द. पण माळवी घरातला माणूस हिंदी बोलू लागला की ‘अपन चलेंगे’ असे सहज म्हणून जातो. त्याने भाषा बदलली; ऐकणाऱ्याला सामावून घेण्याची सवय मात्र नव्या भाषेतही जागा शोधून बसली.

अठराव्या शतकात पवार घराण्यांबरोबर या दोन्ही नगरांत मराठी स्थिरावली. १९४८ मध्ये संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि राज्यकारभार व शाळा हिंदीच्या झाल्या. आता तेथील मराठी मुख्यतः घरात उरली आहे. एकीकडे माळवी व हिंदी, दुसरीकडे जिल्ह्यातल्या भिलांची भिली, यांच्या सहवासात तिने जे घेतले आणि जे राखले, ते भाषेच्या अभ्यासकाला पुण्यामुंबईत सापडणार नाही. स्वयंपाकघरातील भांड्यांची नावे, नात्याच्या हाका, आजीच्या तोंडची वाक्ये यांत ते आहे, आणि बोलणारी पिढी गेली की तेही जाईल.

येथे एक सावधगिरी हवी. आवाज जुळला म्हणून नाते जुळत नाही. ‘देवास’ म्हणजे देवांचा वास, ही फोड टेकडीवरील देवीमुळे लोकांना पटते. परंतु गावाचे नाव जुन्या लेखांत कसे लिहिले आहे हे पाहिल्याशिवाय तिला व्युत्पत्ती म्हणता येणार नाही. शब्द कोणाच्या तोंडी, कोणत्या गावी, कोणत्या अर्थाने ऐकला, एवढी नोंद आधी हवी. कुळाचा विचार मागाहून करता येतो.

ती नोंद करण्यास मोठी विद्वत्ता लागत नाही. धारेतला तो जुना कोशही घरातल्याच एका माणसासाठी लिहिला गेला होता. त्या नगरीतल्या मराठी घरांनी आपल्या वडीलधाऱ्यांचे शब्द एका वहीत उतरवून ठेवले, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती निदान शब्द तरी राहतील.